तिसरी फुली

पत्ते कसे खेळू नयेत हे बघायचं असेल तर रत्नागिरीत कुठल्याही घरी जाऊन बसा. पान टाकतात, उचलतात, पुन्हा दुसरंच टाकतात. समोरच्या भिडूला डोळे मिचकावतात. चूक पकडली की 'जाऊ दे हो, खेळच आहे' म्हणून हसतात आणि पुढची भजी तोंडात टाकतात. हे 'जाऊ दे हो' ज्याने पहिल्यांदा उच्चारलं असेल, त्याला मी जन्मभर पिसणीला बसवला असता. हरलेल्याने पत्ते पिसायचे आणि सगळ्यांना वाटत बसायचं, ती पिसणी.

मी महिपत शिवलकर. एसटीत एकोणतीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. फुकट प्रवास करणारा माणूस मी चेहऱ्यावरून ओळखायचो. एकदा लांज्याच्या गाडीत माझा सख्खा मेहुणा बिनतिकिटाचा सापडला, त्यालाही दंडाची पावती फाडून दिली. बायको सहा महिने माझ्याशी धड बोलली नाही. पण मेहुणा त्यानंतर आयुष्यात कधी तिकिटाशिवाय गाडीत चढला नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.

मिरकरवाड्याला आमच्याबरोबर खेळणाऱ्या हौसाच्या लेकाचं बर्फाचं गोदाम आहे. त्याच्यावर एक खोली आहे, पूर्वी तिथे जाळी ठेवायचे. गेली बारा वर्षं आम्ही चौघं तिथे रोज दुपारी तीन ते सहा मेंढीकोट खेळतो. मेंढी म्हणजे दश्शी. चार दश्श्यांपैकी ज्यांच्याकडे जास्त त्यांचा डाव, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात, म्हणजे जिंकलेल्या चार-चार पानांच्या गड्ड्या, जास्त त्यांचा. पैसे लावून खेळायचं नाही, हा पहिला नियम. बाकीचे अठरा नियम शिक्षांचे आहेत. ते मी स्वतः लिहिले, टाईप करून आणले, लॅमिनेट केले आणि खोलीत शिरल्या शिरल्या दिसतील असे भिंतीवर लावले. वर मथळा आहे: मेंढीकोट दंडसंहिता.

लोकांना हसू येतं. येऊ दे. पान एकदा टेबलाला लागलं की लागलं, परत उचललं तर तीन डाव पिसणी. वाटताना पान कमी-जास्त झालं तर खाली जाऊन सगळ्यांचा चहा आणायचा. 'अरेरे' म्हटलं तर पुढचा डाव उभ्याने खेळायचा, कारण 'अरेरे' म्हणजे भिडूला कळवणंच झालं की आपल्याकडे काही नाही. खाकरणं, खोकणं, नाक ओढणं यालाही तीच शिक्षा. विठूला खरोखरच दम्याचा खोकला आहे, म्हणून त्याच्याकडून मी डॉक्टरची चिठ्ठी घेतली. ती दरवर्षी नवी आणावी लागते.

हा विठू भाट्याच्या नारळ केंद्रात माळी होता. मला अजून 'सायब' म्हणतो. एक पान टाकायला इतका वेळ लावतो की तेवढ्यात झाडावर शहाळं धरावं. त्याची भिडू हौसा. तिने चाळीस वर्षं बंदरावरच्या मासळीच्या लिलावात ओरडून आवाज कमावलाय, आणि पान असं आपटते की कपातला चहा बशीत येतो. दोघांनाही खेळाची अक्कल बेताचीच. जिंकतात ते पानं चांगली येतात म्हणून.

माझा भिडू नझीर मुकादम. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तो बोटीवर गेला, खलाशांवर देखरेख करणारा बोसन होऊन निवृत्त झाला, सगळी बंदरं बघून आला, आणि एवढं जग बघूनही स्वभाव मऊच राहिला. मला त्याच्या मऊपणाचा नेहमी राग येतो. हौसाने चूक केली तर तिच्याआधी हाच कासावीस होतो. जहाजावर असल्या माणसाचं खलाशी ऐकत तरी कसे असतील, देव जाणे.

आता मुख्य कलम सांगतो, चौदावं. उतारीचा, म्हणजे त्या हाताच्या पहिल्या पानाचा, रंग आपल्याकडे असताना तो न टाकता दुसऱ्या रंगाचं पान टाकलं तर त्याला आम्ही रंग लपवणं म्हणतो. पत्त्यांतला हा सगळ्यात नीच गुन्हा. त्या जोडीचा तो डाव गेला. शिवाय ज्याने लपवला त्याच्या नावापुढे भिंतीवरच्या काळ्या पाटीवर फुली. एका गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत तीन फुल्या झाल्या की खुर्ची बंद. मग पुढच्या गणपतीपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, बघायला म्हणूनही नाही. अधूनमधून बदली खेळायला येणाऱ्या दोघांना मी असं उठवलेलं आहे.

ह्या वर्षी नझीरच्या नावापुढे दोन फुल्या झाल्या होत्या.

पहिली नवरात्रात. उतारी बदामाची होती आणि डाव संपल्यावर हौसाने एक हात उघडून दाखवला तर त्यात चौकट निघाली. "कुणाची?" मी विचारलं. माझी शक्यच नव्हती, मी बदाम टाकलं होतं. नझीर हौसाकडे बघत म्हणाला, "माझी." दुसरी दिवाळीनंतर, तशीच. चौकटीवर बदाम. पुन्हा मी विचारलं, पुन्हा नझीर म्हणाला, "माझीच." मी दोन्ही वेळा उठून स्वतःच्या हाताने फुली मारली. माझ्या नावापुढे बारा वर्षांत एकही फुली नव्हती, आणि ह्या माणसापायी माझे दोन डाव फुकट गेले होते.

तिसरी फुली पडली तर नझीरचं काय होईल हे मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. त्याच्या बायकोला, रझियाभाभींना, जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा फैझान दोह्याला, मुलगी इकरा कुवेतला. राजिवड्याला घर मोठं आणि त्यात माणूस एक. सकाळी नमाज झाली की तीन वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत बसतो, हे तो स्वतःच सांगतो. शुक्रवारी मशिदीत चार माणसं भेटतात, बाकी दिवसभर टीव्ही. तीन ते सहा एवढाच त्याचा दिवस. ती खुर्ची गेली की तो दिवस गेला. मला सगळं ठाऊक होतं. पण माणसं बघून शिक्षा द्यायची तर कलमं लिहायची कशाला? मेहुण्याला सोडला नाही, तर नझीरला का सोडू?

जानेवारीतल्या त्या दिवशी गोदामाचा जिना चढताना नझीरने नेहमीसारखं माझं कोपर धरलं. जिना काळोखा आहे. तो पडेल म्हणून मी त्याला धरू देतो.

"डोळे दाखव कुणाला तरी," मी त्याला म्हटलं. "लाल पानांत घोळ घालतोस. मोतीबिंदू पिकला असणार तुझा."

"दाखवू म्हणतोस?"

"दाखवच. आणखी एक फुली झाली तर मी काही करू शकणार नाही, आधीच सांगतो."

"मग तू पन चल. दोघांनी एकदमच दाखवू. रिक्षा एकच होईल."

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं. त्याने माझं कोपर आणखी घट्ट धरलं.

वर बाबू आधीच येऊन बसला होता. बाबू म्हणजे बँकेतून हल्लीच निवृत्त झालेला माझा शेजारी. मी काहीही बोललो की हसतो, ते विनोदी असो वा नसो. खेळतो सुमार, पण दंडसंहिता त्याने पाठ केली होती, तेवढं मला पुरे होतं. नझीरची खुर्ची आज-उद्या रिकामी होणार, तेव्हा येऊन बसत जा, असं मीच त्याला सांगितलं होतं. भिंतीकडेच्या स्टुलावर तो मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. नझीरने त्याला सलाम केला आणि प्यायला पाणी दिलं. ज्याची जागा घ्यायला माणूस आलाय त्यानेच त्याला पाणी द्यायचं, हा असला मऊपणा.

पहिले दोन डाव आम्ही हरलो. तिसऱ्या डावाला मला पानं बरी आली. आमच्याकडे हुकूम कापून ठरतो. म्हणजे सुरुवातीला हुकूम कुठलाच नसतो. उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा संपतो तो दुसऱ्या रंगाचं पान टाकतो आणि तोच रंग त्या डावापुरता हुकूम होतो. पहिले तीन हात सरळ गेले. चौथ्याला हौसाने बदाम सत्ती आपटली. तिच्यानंतर मी. माझ्याकडे दोन नव्व्या होत्या, एक बदामाची, एक चौकटीची. मी बदाम नव्वी टाकली.

माझ्यानंतर विठू. तो माझ्या पानाकडे बघत बसला. मग हौसाकडे बघितलं, मग नझीरकडे. साधं एक पान टाकायचं तर ह्या माणसाला तीन तोंडं न्याहाळावी लागतात.

"विठोबा, उजाडेपर्यंत बसायचं का?" मी म्हटलं. बाबू हसला.

"टाकतो, सायब," म्हणून विठूने बदाम तिर्री टाकली. त्याच्या पाठोपाठ नझीरने पटकन चौकट राणी टाकली, "हुकूम चौकट, मी कापला," असं म्हणाला आणि चारी पानं ओढून पालथी करून आपल्यापुढे ठेवली. एवढ्या चपळाईने त्याला काही करताना मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. चौकट हुकूम झाल्यामुळे माझी उरलेली नव्वी हुकमाची झाली होती.

पुढचे हात सगळे सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर बदामाची उतारी कुणीही केली नाही. हौसाकडे बदामं होती, तरीही नाही. आपल्याकडची बदामं तिने दुसऱ्या रंगांवर अशीच वाया घालवली, विठूनेही तेच केलं. बाईला पत्ते कळत नाहीत ते नाहीतच, असं मी मनात म्हटलं. एव्हाना दोन मेंढ्या आमच्याकडे आल्या होत्या, एक त्यांच्याकडे गेली होती. चौथी बदामाची, ती अजून विठूच्या हातात होती आणि शेवटचं एकच पान प्रत्येकाकडे उरलं होतं. माझ्याकडे चौकट नव्वी. हुकमाची तेवढी एकच उरली होती, मी मोजलं होतं. विठूची दश्शी मी कापणार, तीन मेंढ्या, डाव आमचा.

उतारी विठूची होती. त्याने बदाम दश्शी टाकली. त्याच्यानंतर नझीर. नझीरने शेवटचं पान हळूच टेबलावर ठेवलं. बदाम पंजी.

हौसाने घाईने एक किलवर टाकलं. मी माझी नव्वी टाकणार होतो, ती पालथीच टेबलावर ठेवली.

"थांबा," मी म्हटलं. "नझीर, हे काय आहे?"

"बदाम पंजी."

"ते मला दिसतंय. चौथ्या हाताला हौसाबाईंच्या बदामावर तू हुकूम कापलास. तेव्हा ही पंजी कुठे होती?"

"हातातच व्हती."

"म्हणजे रंग लपवलास."

"लपवला," नझीर म्हणाला. "माझी चूक झाली."

इतक्या सहज. ना लाज, ना सबब. बिनतिकिटाची माणसंसुद्धा आधी खिसे चाचपून दाखवतात. मला त्याची इतकी किळस आली की काय सांगू. साठ वर्षांची ओळख, आणि ह्या माणसाला तेरा पानं नीट लावून धरता येत नव्हती. मी ते सगळं बोलून दाखवलं. माझ्या भिडूपणाची त्याने माती केली म्हटलं. वय झालं की माणसाने घरी बसावं, दुसऱ्यांच्या डावात घाण करू नये, असंही म्हटलं. नझीर टेबलावरच्या पंजीकडे बघत होता. बाबूने मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली.

मी पाटीकडे जायला उठलो, पण मग थांबलो. कबुलीवरून फुली मारायची नाही, हात उघडून सगळ्यांना दाखवायचा आणि मगच मारायची, असं चौदाव्या कलमातच लिहिलेलं आहे. मीच लिहिलंय. उद्या कुणी म्हणायला नको की महिपतने घाई केली.

"तो चौथा हात दे इकडे," मी म्हटलं.

नझीरने त्या पानांवर पंजा ठेवला. "कशाला उघडतोस? मी कबूल केलं ना. मार फुली आन् संपव."

"कबुली चालत नाही."

"महिपत, नको उघडू."

"तुमी उघडू नका, महिपतराव," हौसा म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. मला वाटलं, ह्यांनी मिळून काहीतरी लपवलंय. त्याच्या पंज्याखालून मी ती चार पानं ओढली आणि बंदराकडच्या खिडकीशी गेलो. खोलीतली ट्यूब कधीच धड नसते.

हात लांब करून मी एकेक पान बघितलं. बदाम सत्ती, हौसाची. बदाम तिर्री, विठूची. चौकट राणी, नझीरची. चौथं पान नव्वी होती, म्हणजे माझं. ती चौकटीची नव्वी होती.

"हे पान कुणी बदललं?" मी विचारलं.

हौसाने नझीरकडे बघितलं.

"मी बदाम नव्वी टाकली होती. इथे चौकट कशी आली? विठू, तू बदललीस?"

"मी कशाला बदलू, सायब," विठू म्हणाला.

"तुमचं शेवटचं पान बगा," हौसा म्हणाली. "पालथं ठेवलंय ते."

मी टेबलाशी येऊन ते पान उचललं आणि पुन्हा खिडकीशी गेलो. कोपऱ्यातलं चिन्ह नुसता लाल ठिपका दिसत होतं. मी पान लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. खाली बंदरात कुणीतरी बर्फ फोडत होतं. मग उजेड बरोबर पडला आणि त्या लाल ठिपक्याला वरून खाच दिसली. बदाम नव्वी. रंग मी लपवला होता. हुकूम मी कापला होता, आणि मला पत्ताही नव्हता. नझीरने आपल्याकडची बदामं दाबून वर राणी टाकली होती, ती एवढ्यासाठी की कापणारा तो ठरावा.

"मागच्या दोन?" मी विचारलं.

नझीर म्हणाला, "त्या जुन्या गोष्टी झाल्या, सोड."

"मी तुला विचारत नाही. हौसाबाई, मागच्या दोन कुणाच्या?"

"तुमच्याच," हौसा म्हणाली. नझीरने तिला "गप ऱ्हा गो" म्हटलं, पण ती आता थांबणार नव्हती. "मी कशाला गप ऱ्हाऊ? इतके दिस ऱ्हायलेच की. दोन नाय, आठ-धा वेळा झालं आसंल. दोनदा मी हात उघडला, दोन्ही बारीस ह्याने आपल्यावर घेतलं. मंग मना म्हनाला, हौसा, यापुढं उघडूच नको. म्हनून नाय उघडला. डाव तुमी लबाडीने जिंकलात तरी आमी गप. तुमी पान उचलून परत टाकलंत तरी गप. काल तुमी विठूला चौदा पानं वाटलीत आन् मना बारा, त्याने एक पान टेबलाखालून मना सारलं, बोलला नाय."

मी विठूकडे बघितलं. तो खोकला. नेमका तेव्हाच.

"पोरं अंगनात खेळतात ना," हौसा म्हणाली, "त्यांच्यात एकादं बारकं आसतं, रडत येतं, मना पन घ्या म्हनून. त्याला घेतात. तो आउट झाला तरी आउट नाय, त्याच्यावर राज्य येत नाय. लिंबूटिंबू म्हनतात त्याला. तुमी तसे झालायत, महिपतराव. आन् वर ह्या मानसाला तोंडाला येईल ते बोलताय."

मला कुणी मुस्कटात मारली असती तर परवडलं असतं. एकोणतीस वर्षं मी माणसांना दंड केला, बारा वर्षं ह्या तिघांना केला, आणि मनातून त्यांना कवडीची किंमत दिली नाही. पण दंड तरी केला. विठूला मी खोकल्याबद्दल उभा केला तेव्हा तो खेळाडू आहे हे धरूनच केला. ह्यांनी मला तेवढंही ठेवलं नव्हतं. चार महिने मी त्या खोलीत तावातावाने कलमं सांगत होतो, आणि हे तिघं माझ्याकडे अंगणातल्या बारक्या पोराकडे बघावं तसं बघत होते. ज्यांना मी मूर्ख समजत होतो ते मला सांभाळून घेत होते. 'जाऊ दे हो' म्हणत होते, फक्त माझ्यासमोर नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी नझीरला विचारलं.

"सांगितलं आसतं तर तू फुली मारून घेतली आसतीस."

"मग? नियमच तो आहे."

"मंग तीन झाल्या आसत्या आन् तू घरी बसला आसतास. तुजं पन माज्यासारखंच हाय की. बायको तुजी लेकीकडं पुन्याला, तू हितं. दुपारी कुटं जाशील?" त्याने टेबलावरची पंजी उचलून पुन्हा ठेवली. "मी बोटीवर एकटा ऱ्हायलोय. मना सवय हाय."

त्याला सवय नाही. रझियाभाभी गेल्यापासून तो घड्याळाकडे बघत बसतो हे सगळ्या मिरकरवाड्याला माहीत आहे. म्हणजे खोटंही धड बोलता येत नव्हतं त्याला.

मी पाटीशी गेलो. नझीरच्या नावापुढच्या दोन फुल्या तळहाताने पुसल्या. मग खडू घेऊन माझ्या नावापुढे तीन काढल्या. तीनही फुल्या नीट दिसतील अशा काढल्या.

"महिपत, बस खाली," नझीर म्हणाला. "कलमं तूच लिहिलीस, तूच बदल. डोळ्यांचं कारन आसलं तर फुली नाय, आसं एक लिही. विठूच्या खोकल्याला चिठ्ठी चालते, तुज्या डोळ्यांना का नाय?"

"बदलूया की," बाबू स्टुलावरून म्हणाला. त्याला हसावं की नाही ते कळत नव्हतं.

बदलता आलं असतं. एक ओळ खाली टाईप करून लॅमिनेट केलं असतं की झालं. पण ती ओळ नवरात्रात लिहिता आली असती, दिवाळीनंतर आली असती. तेव्हा नझीरचे डोळे गेलेत असंच मी समजत होतो आणि एकदाही ती ओळ मला सुचली नव्हती. मोतीबिंदू त्याचा असताना तो गुन्हा होता. आता माझा निघाला म्हणून कारण झालं, असं मी लिहू? इतका हलकट माणूस मी अजून झालेलो नाही. किंवा झालोय, पण ते पाटीवर लिहून दाखवायची माझी तयारी नव्हती.

"बाबू," मी म्हटलं, "ऊठ. माझ्या खुर्चीत बस. नझीर तुझा भिडू."

बाबू उठला, नझीरकडे बघितलं, परत बसला, मग पुन्हा उठला. माझ्या हातातली बदाम नव्वी मी टेबलावर उताणी टाकली. विठूची दश्शी तिच्यावर भारी होती. त्याने हात ओढावा म्हणून मी थांबलो. तो ओढत नव्हता, तेव्हा मीच ती पानं गोळा करून त्याच्यापुढे सारली.

नझीर उठून माझ्याबरोबर जिन्यापर्यंत यायला निघाला. मी त्याला बसायला सांगितलं. इतके दिवस कोपर कुणी कुणाचं धरत होतं ते मला आता कळलं होतं, आणि निदान आज तरी मला एकट्याने उतरायचं होतं. मी भिंतीला हात लावून पहिली पायरी शोधली, मग दुसरी.

चौथ्या पायरीवर असताना मागून हौसाचा आवाज आला. लिलावातला, नेहमीचा, त्यात कणव बिणव काही नव्हती.

"महिपतराव. डोळे करून घ्या. आन् गनपती झाले की या."

त्या खोलीतून आजवर मी दोन माणसांना उठवलं होतं. दोघंही जिन्यात असताना मी वर बसून पत्ते पिसत होतो. 'या' असं मी त्यांच्यातल्या एकालाही म्हटलं नव्हतं.